ताईच्या अर्जाला मी जोडलेलं पत्र

शाळेत असताना इंग्रजी पत्रलेखनाचं एक बक्षीस मला मिळालं होतं. विषय होता 'आजारी मित्रास पत्र'. मला तसा मित्र नव्हता, पण मी त्याला असा काही आजारी पाडला की मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या इंग्रजीनं माणूस विरघळतो, अशी माझी पक्की समजूत तेव्हापासून झाली, आणि दुर्दैवानं पुढची दहा वर्षं ती कुणी खोडून काढली नाही.

आमचं घर उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत. बाबा संस्थानच्या शिक्षणखात्यात कारकून होते. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, बाबांची खुर्ची तीच राहिली. आता मध्य भारतही जाणार, नवा प्रदेश होणार आणि सगळी दफ्तरं भोपाळला हलणार, हे नक्की झालं होतं. घरात रोज तोच विषय चाले. कपाट न्यायचं की विकायचं, पाटा कुणाला द्यायचा, तुळशीचं काय करायचं. प्रत्येक गोष्टीचा काही ना काही निकाल लागत होता. लागत नव्हता तो फक्त ताईचा.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असे. पाऊल आपोआप वर उचललं जात नसे, म्हणून ती मांडीपासून अख्खा पाय उचलून पुढे टाकायची, आणि तशी अर्धं उज्जैन चालून यायची.

आत्या आली की ताईसमोरच आईला सांगायची, "वहिनी, भोपाळला जाताच आहात तर तिथं एखादा बिजवर बघून टाका. नवी राजधानी आहे, चहूकडचे लोक येतील, कोण कुणाची चौकशी करतं?"

आई मान डोलवायची. ताई भाजी निवडता निवडता विचारायची, "आत्या, त्याची पहिली कशानं गेली तेवढं आधी बघा हं. तुमच्यासारखी नणंद असेल तर मला आत्ताच सांगा."

मी काही आत्यापेक्षा बरा नव्हतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गणपतीच्या नाटकात मला लंगड्या दिवाणजीचं काम होतं. मी सरळ ताईची चाल उचलली. लोक हसून हसून पडले. बाबाही हसले. घरी आल्यावर ताई म्हणाली, "दुसऱ्या अंकात तू डावा पाय ओढत होतास, गाढवा. माझा उजवा आहे. चोरायचं तर नीट तरी चोर."

ताई बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाली. मी तिसऱ्या वर्गात, तोही दुसऱ्या खेपेला. ती रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय हलवून द्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी नदीच्या वाळूची पिशवी घोट्याला बांधून ती स्वतःचा पाय उचलत बसायची, त्यातूनच शिकलेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, की एका मोठ्या शहरात फिजिओथेरपीचं शिक्षण नव्यानं सुरू झालंय, पदवीधरांना आधी घेतात, तू अर्ज कर. त्या शहराचं नाव मी सांगणार नाही. तिथं माझं नाव अजून बरं आहे.

बाबांनी ऐकलं आणि पान लावता लावता थांबले. "बी.एस्सी. होऊन मालिश? मालिशवाले घाटावर बसलेत ढीगभर. त्यांना कुणी अर्ज करायला लावला होता?"

"ते बसून करतात बाबा, मी उभी राहून करीन."

"आणि तिथं एकटी राहशील? बिलकुल नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात निकाल न लागलेली आणखी एक वस्तू त्यांना बहुधा तेव्हाच दिसली. "हा पण अर्ज करू दे. दोघांना मिळालं तर दोघं जा. नाही तर भोपाळ."

म्हणजे ताईला जायचं असेल तर माझा नंबर लागणं भाग होतं. माझे गुण पाहता तिनं दुसरा कुठलाही भाऊ निवडला असता.

तिनं सगळं हातात घेतलं. रहिवासाचा दाखला काढायला आम्ही कचेरीत गेलो. तिथला बाबू म्हणाला, "इतनी जल्दी क्या है? नया प्रदेश बन रहा है, नया ठप्पा आएगा, तब ले जाना." ताई म्हणाली, "पुराना ही लगा दो भैया, हम भी पुराने ही हैं." ठप्पा मिळेपर्यंत ती तीन तास रांगेत उभी होती. मी बाकावर बसून शेंगा खाल्ल्या.

अर्जासोबत एक निवेदन जोडायचं होतं. हे शिक्षण का हवं, रोग्यांमध्ये काय काम केलं, ते दोन पानांत. माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं. दवाखान्यात मी दोनदाच गेलो होतो. पहिल्यांदा एका पोरानं माझ्या मनगटाला चावा घेतला, दुसऱ्यांदा मी त्याच पोराला लांबूनच नमस्कार करून परत आलो. म्हणून माझं निवेदन ताईनं लिहिलं. तिची दवाखान्यातली दोन वर्षं, तिची मुलं, तिच्या हाताला कळलेलं सगळं तिनं माझ्या नावावर लिहून दिलं. तिच्या स्वतःच्या निवेदनात मग उरलंसुरलं गेलं.

"पायाचं कुठंच लिहिलेलं नाही," ती मला म्हणाली. "फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, डॉक्टरीणबाईंनीही शिफारशीत टाकलेलं नाही. आधी मार्क बघू देत. बोलावलं की मी त्यांच्यासमोर चालत जाईन, मग काय विचारायचं ते विचारू देत. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं ते सांग."

"पायाचं बोलायचं नाही."

"शाबास. आता हे रजिस्टर करून ये. आणि रस्त्यात कचोरी खाऊन तेलाचे हात लावू नकोस."

कचोरी मी खाल्ली नाही. खाल्ली असती तर फार बरं झालं असतं. पाकिटं अजून उघडी होती, पोस्टात जाऊन चिकटवायची होती. देवास गेटच्या पोस्टात रांग होती, टेबलावर दौत होती, टाक होता, आणि माझ्या डोक्यात ते बक्षीस होतं. ताईचा अर्ज मी वाचला. मला तो अगदीच रुक्ष वाटला. यात काळजाला हात घालणारं काही नाही, असं माझ्यातल्या लेखकाचं मत पडलं.

मी उज्जैनमध्ये वाढलेला. पर्वणीला घाटावर लाखभर माणूस उतरतो आणि दान कुणाच्या ताटात आधी पडतं, ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. धडधाकट भिकाऱ्याला शिव्या, आणि पाय पुढे पसरून बसलेल्याला आधी पुरी, मग पैसा, मग वर हात जोडून नमस्कार. एवढा मोठा पाय घरात असून ताई तो लपवून ठेवते, याला काय म्हणावं? मी तिथंच उभ्यानं एक पत्र लिहिलं. 'मी अर्जदाराचा धाकटा भाऊ व सहअर्जदार' अशी सुरुवात करून बालपणीचा ताप, लोखंडी बूट, सख्या खेळायला गेल्यावर खिडकीशी बसलेली एकाकी मुलगी, सगळं घातलं. ताई जन्मात कधी खिडकीशी बसली नव्हती. ती बाहेर माझ्या डोक्यात गोट्या मारत असायची. 'या अपंग, अभागी जीवाला आधार द्यावा' असा शेवट केला आणि ते तिच्या पाकिटात सारलं. सही करताना माझेच डोळे भरून आले होते, हे कबूल करतो.

घरी येऊन मी काही बोललो नाही. तिची निवड झाली की मगच सांगायचं आणि कौतुक करून घ्यायचं, असा बेत होता.

महिन्याभरानं दोन पत्रं आली. माझं पत्र मुलाखतीला बोलावणारं होतं. ताईनं स्वतःचं उघडलं, वाचलं आणि तसंच मला दिलं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या बंधूंच्या पत्रावरून आपल्या शारीरिक अवस्थेची कल्पना आली, हे काम तासन् तास उभं राहून करण्याचं असल्यानं आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही. सहानुभूती वगैरे होती. शेवटी एक ओळ होती. आपण इच्छित असाल तर आमच्या बाह्यरुग्ण विभागात उपचारासाठी यावे, मंगळवार आणि शुक्रवार सोडून.

"मंगळवार आणि शुक्रवार सोडून," ताई म्हणाली. "काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं. खिडकीसकट सगळं सांगितलं, कारण तिच्यासमोर मला कधी खोटं जमलं नाही.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर मी सुटलो असतो. आई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अगं, त्यानं चांगल्याच मनानं केलं." बाबा म्हणाले, "चला, झंझट मिटली. एकाला तरी बोलावलंय ना? मुलगा आहे, एकटा जाऊ शकतो." त्यांची अट दोघांना धरून होती, हे कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही.

ताई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. जमिनीवर बसून तिनं बूट काढून बाजूला ठेवला होता. तिचा तो पाय मी इतक्या वर्षांत नीट पाहिलाच नव्हता. केळीच्या गाभ्यासारखा बारीक आणि पांढरा.

"बस. तुझी मुलाखत आहे. तुला काहीही येत नाही."

"ताई, मी नाही जात."

"जाणार तू. माझी दोन पानं तिकडे जाऊन पडलीत, ती फुकट घालवणार नाहीस." तिनं माझं बोट धरून आधी स्वतःच्या चांगल्या पायाच्या नडगीवर ठेवलं. "हा स्नायू इथून निघतो, बाहेरच्या बाजूनं. घोट्यासमोरून आत वळतो, पावलाच्या आतल्या कडेला जाऊन लागतो. हा पाऊल वर उचलतो. बघ, उचललं. हाताला काय लागलं?"

"दोरी ताणल्यासारखं."

मग बोट दुसऱ्या पायावर. "आता हे उचलते. काय लागलं?"

मी वाट पाहिली. तिच्या कपाळावर घाम आला. "काही नाही."

"हाच तो. नसलेला ओळखता आला की असलेला कुठंही सापडेल. पुन्हा सांग, कुठून कुठं जातो?"

रोज दुपारी दोन तास, पंधरा दिवस हे चाललं. चुकलो की ती बुटाच्या पट्ट्यानं माझ्या मांडीवर मारायची. आणि मी पुष्कळ चुकायचो.

मुलाखत घ्यायला चार जण होते. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी माझी फाईल उघडली. "गुण सामान्य आहेत," ते म्हणाले. "निवेदन ठीक आहे, जरा कोरडं आहे." मग त्यांनी एक कागद वर काढला. माझंच अक्षर. ताईच्या अर्जातून काढून त्यांनी ते पत्र माझ्या फाईलला लावलं होतं. त्यांनी त्यातला खिडकीचा भाग इतरांना वाचून दाखवला. एका बाईंनी पेन खाली ठेवलं. "स्नायू आम्ही कुणालाही शिकवू शकतो," डॉक्टर म्हणाले, "ही करुणा शिकवता येत नाही. तुम्ही कधी रुजू होता?"

आता बोलायचं होतं. निवेदन तिचं आहे, खिडकी खोटी आहे, ती तीन तास रांगेत उभी होती आणि मी बसून शेंगा खात होतो, एवढं सांगायचं होतं. चार माणसं माझ्याकडे प्रेमानं बघत होती. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "थँक यू, सर. जुलैच्या एक तारखेला."

सकाळच्या गाडीनं उज्जैनला उतरलो तर फलाटावर ताई उभी. गाडी दीड तास उशिरा आली होती.

"काय झालं?"

"घेतलं."

तिचा चेहरा असा उजळला की मी ट्रंकेच्या कडीशी खेळू लागलो. बाहेर टांग्यापर्यंत येईस्तोवर ती विचारत होती. "नडगीचा विचारला ना? मला वाटलंच होतं. काय सांगितलंस? म्हणून दाखव."

"बाहेरून निघतो," मी म्हणालो, "घोट्यासमोरून जातो, पावलाच्या बाहेरच्या कडेला लागतो."

"आतल्या."

"हो, आतल्या."

ती थांबली. "असं सांगितलंस आणि तरी घेतलं?"

मी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली.

"स्नायूचं विचारलंच नाही त्यांनी."

"नाही."

"मग घेतलं कशावर?"

"पत्रावर."

"माझ्या? म्हणजे निवेदनावर?"

"नाही, ताई. माझ्या."

टांग्याच्या दांडीला धरून तिनं आधी चांगला पाय वर टाकला, मग दोन्ही हातांनी दुसरा उचलून आत घेतला. मी ट्रंक उचलून टांग्याच्या पाठीमागे ठेवणार, तेवढ्यात टांगेवाल्यानं विचारलं, "बाईजी, ये बाबूजी भी साथ में हैं?"

"नहीं भैया," ताई म्हणाली, "एक ही सवारी है. चलो."