मान टाकलेली गिधाडं

नोकरीची बावीस वर्षं मी रामटेकच्या पुढे, जनावरांच्या एका सरकारी दवाखान्यात काढली. मी डॉक्टर नव्हतो. जखमा बांधायच्या, सुया टोचायच्या, एवढंच माझं काम. पण नागपूरहून सकाळच्या बसने उतरलो की गाव मला ‘डॉक्टर’च म्हणायचं.

एका उन्हाळ्यात तिथल्या एका बाईचा बैल बसला. पुढच्या पायाचा सांधा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. तिचा नवरा कामठीला कापडाच्या मागावर कामाला. धानाची शेती ती एकटी पाहायची. मला पाहताच म्हणाली, “रातभर दात खाऊन राहिला जी तो. मले पाहवत नाही. काहीतरी करा.”

मी दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं. त्या काळी आम्ही सगळेच ते द्यायचो. संध्याकाळी बैल शांत झाला, पाय पसरून झोपला. दुसऱ्या दिवशी आणखी एक दिलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. माणसांनी त्याला ओढत गावाबाहेरच्या मैदानावर नेऊन टाकलं. मेलेली ढोरं तिथेच टाकायची पद्धत होती.

चार-पाच दिवसांनी दुसऱ्या गावाहून परतताना मी भरदुपारी सायकलने त्या मैदानावरून आलो. एरवी तिथे गलका असायचा. गिधाडं एकमेकांवर फिस्कारायची, पंख आपटायची, हाडावरून भांडायची. त्या दिवशी काहीच आवाज नव्हता. बैलाचा सांगाडा स्वच्छ, पांढरा पडला होता आणि कडेच्या अर्जुनाच्या झाडांवर गिधाडं बसली होती. एका फांदीवर सात-आठ, दुसरीवर तेवढीच. सगळ्यांच्या माना खाली लोंबत होत्या. छातीच्याही खाली, पायांपर्यंत.

मी टाळी वाजवली. एकही उडालं नाही. जवळच्या फांदीवरच्या एकाने तेवढी मान उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ती मान हळूहळू पुन्हा खाली गेली. मी सायकल वळवली, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. तांदळाचं पोतं गाडीतून पडावं तसा. मी मागे वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरसाहेबांनी एक मेलेलं गिधाड कापलं. आतून ते पांढरं होतं. काळजावर, मूत्रपिंडावर कुणी चुन्याचा हात फिरवावा तसं. साहेब बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “कुठलं तरी विष असेल.” आमच्या कपाटातल्या बाटलीकडे दोघांपैकी कुणाचं लक्ष गेलं नाही.

एक-दोन वर्षांत ती झाडं रिकामी झाली. मग मैदानावरची ढोरं संपेनाशी झाली. एक गाय तीन आठवडे तशीच पडून होती. कातडं वाळून फासळ्यांवर ताणलं गेलेलं, आणि वारा आला की तिच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज यायचा. कुत्री वाढली. ती भुंकायची नाहीत. मी पायी निघालो की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मुकाट माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत यायची.

पुढे नागपुरात आमचं एक प्रशिक्षण झालं. पडद्यावर फोटो आला. झाडावर गिधाड, मान लोंबलेली. दुसऱ्या फोटोत तेच पांढरं काळीज. मग औषधाचं नाव आलं, डायक्लोफेनॅक. बोलणारे सांगत होते की जनावराला दिलेलं हे औषध मेल्यावरही त्याच्या मांसात राहतं, आणि ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशभरातली गिधाडं यामुळेच नाहीशी झाली, आता ती जगातून कायमची जाण्याच्या बेतात आहेत, म्हणून जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली आहे. माझ्या हातात नाश्त्याची बशी होती. ती मी खुर्चीखाली ठेवली. आमच्या बाटलीवर तेच नाव होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही, घरीही नाही.

मी निवृत्त झालो. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्याच बाईचा फोन आला. आता ती चांगलीच म्हातारी झाली आहे.

“डॉक्टर, तुमचं गिधाड आलं.”

“माझं?”

“माह्या धुऱ्यावर बसून राहिलं. पहाटेपासून माह्याकडंच पाहून राहिलं. तुमी या.”

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धान कापून झालेलं, खाचरं कोरडी. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ते उभं होतं. पायात नंबराची कडी, पाठीवर माग काढायचं छोटं यंत्र. पिंजऱ्यात वाढवून जंगलात सोडलेल्यांपैकी ते एक होतं. आसपास कावळाही ओरडत नव्हता. ते एकदा तिच्याकडे पाही, एकदा माझ्याकडे. मी फक्त त्याच्या मानेकडे पाहत होतो. मान सरळ होती. ती आता वाकेल, आता वाकेल असं वाटत होतं. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही.

“मावशी, तुमच्या त्या बैलाले मी सुई दिली होती...”

“मालूम आहे मले,” ती म्हणाली. “जंगल खात्याच्या माणसानं सांगतलं होतं गावात, गिधाडं औषधानं मेले म्हणून. मी तवाच समजली.”

“मग मले काहून नाही बोलल्या?”

“काय बोलू? तो पाय पसरून निजला होता जी त्या दिवशी. तुमच्यानंच निजला. ते बी खरं आहे. पण त्या मैदानाकडून मी आजून जात नाही. झाडाईवर कोणी बसून आहे, असं वाटते.”

मी जंगल खात्याला फोन लावला. मलाही तसंच वाटतं, हे तिला सांगावंसं वाटलं नाही.

दुपारी जंगल खात्याची गाडी आली. पक्षी उपाशी होता, अंगातलं पाणी कमी झालं होतं. त्यांनी त्याला कापडात गुंडाळून नेलं. महिन्याभराने मी चौकशीला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, बरं झालं, पुन्हा सोडलं, चांगलं उंच उडालं. मग आठवड्याभराने जंगलाच्या पलीकडे त्याचा सिग्नल बंद पडला. यंत्र बिघडलं असेल, असं तो म्हणाला.

“आणि यंत्र बिघडलं नसेल तर?” मी विचारलं.

काही कळलं तर सांगतो म्हणत त्याने माझा नंबर लिहून घेतला.

बाईला मी तेवढंच सांगितलं, की ते उडालं.