दोन खिडक्यांची पोर

त्या दिवशी ओट्यावर आम्ही चौघं होतो. मी. माझी नणंद कमल, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते ती. समोरचा रिक्षावाला सलीमभाई, हातात चहाचा कप घेऊन. आणि आमच्या पुढच्या खोलीतली भाडेकरू पोर, जिला गल्लीत कोणी नावाने हाक मारलीच नाही, सगळे तिला दोन खिडक्यांचीच म्हणायचे. पाचवं माणूस असायला हवं होतं, माझे मालक. गल्ली त्यांना अण्णा म्हणते. ते हरवले होते, म्हणून तर आम्ही चौघं त्या पोरीच्या कॉम्प्युटरकडे बघत बसलो होतो.

तिच्या कॉम्प्युटरवर कधीही बघा, मधोमध रेघ, डावीकडे एक खिडकी, उजवीकडे एक. दोन्हीत आकडे, दोन्हीत वरखाली जाणारी रेघ. नाव त्यावरूनच पडलं. आणि तिचा स्वभावही तसाच होता, एकाला विचारून ती कधी थांबली नाही. भाजीत मीठ पुरलं का, मला विचारायची, मग कमलला विचारायची. रिक्षा स्टेशनला किती वेळात जाते, सलीमभाईला विचारायची, मग दुसऱ्या रिक्षावाल्याला. कमल म्हणायची, "दोन जनासले इचारीसन नवरा करी हाई पोर." ती हसायची आणि म्हणायची, "कमलमाय, दोघं एकच बोलले तर लग्नच करणार नाही. एक नक्की खोटं बोलत असेल."

पोर नवापूरकडच्या डोंगरातली. घरात तिकडच्या आदिवासींची कोकणी बोलायची, आमच्याशी शाळेतली मराठी. जेवायच्या आधी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायची, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. काम तिचं वेबसाइटचं. सुरतेचा कोणी साडीवाला, नवापूरचा कोणी कोंबडीवाला, त्यांची दुकानं इंटरनेटवर असतात म्हणे, ती सांभाळायची. मी दुसरी शिकलेली. मी विचारलं, "बेटा, सांभाळायचं म्हणजे काय, झाडायचं का?" तर म्हणाली, "दारात उभं राहायचं, मोठी माय. कोण आलं, काय विचारत आलं, कोण नुसतं बघून पुढे गेलं, ते बघायचं."

मग तिने मला थोरला आणि धाकला सांगितले. लोकांना काही शोधायचं असेल तर ते विचारायला जातात, त्याची दोन ठिकाणं. एकाकडे सगळं जग जातं, तो थोरला. दुसऱ्याकडे थोडे जातात, तो धाकला. दोघंही दुकानदाराला हिशेब देतात, तुझं दुकान मी इतक्यांना दाखवलं, इतक्यांनी आत पाऊल टाकलं, हे हे शब्द विचारत आले. पण दोघांचं जमत नाही. थोरल्याकडे माणसं जास्त, बोलणं कमी. धाकल्याकडे माणसं कमी, पण असेल ते सांगून टाकतो. मी म्हटलं, "माझा जेठ आणि दीर असेच होते." तिला ते इतकं आवडलं की फोनवर साडीवाल्यालाही थोरला-धाकलाच सांगायला लागली. "दोघं खरं बोलतात," ती म्हणायची, "पण अर्धं अर्धं. म्हणून शेजारी शेजारी बसवायचे."

अण्णांबद्दल सांगते. सारा जन्म त्यांनी मिरचीच्या पथारीवर काढला. नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घालतात, ती पथारी. हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला की एका तासात सगळी काळी पडते. त्यामुळे अण्णांचं निम्मं आयुष्य वर आभाळाकडे बघण्यात गेलं. म्हातारपणी डोकं गेलं, माणसं विसरले, मला विसरले, पण मिरची नाही विसरले. जेवता जेवता उठायचे आणि म्हणायचे, "पानी ई ऱ्हायनं, मिरची ढाका." म्हणजे पाऊस येतोय, मिरची झाका. बाहेर ऊन. आधी मी भांडायचे, कुठे पाणी, कुठे मिरची. मग शिकले. मी झाकली म्हणून सांगायचे, "ढाकी टाकी मिरची. बठा आते." लगेच बसायचे. घास घ्यायचे. पोर नवीन राहायला आली तेव्हा तिनेही आठवड्यात हे शिकून घेतलं. तिच्या तोंडून अहिराणी ऐकून अण्णा हसायचे. तिच्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला.

एक दिवस कपडे धुऊन मी आत आले तर ओटा रिकामा. सलीमभाई स्टेशनवर धावला. परत आला तो घामाने भिजलेला. "मोठी माय, दोन्ही फलाट देखी उनू. एक म्हने सुरतवाली गाडीमा बठनात, एक म्हने भुसावळवालीमा." पोलिसात नाव लिहिलं, फोटो दिला. सुरतेला गेलो, भुसावळला गेलो. त्याच्या पुढे गाड्या कुठे कुठे जातात ते विचारलं आणि मी खाली बसले.

पोरगी म्हणाली, आपण इंटरनेटवर अण्णांचं पान करू. कमल सांगायला लागली, उंची टाक, रंग टाक, पांढरा सदरा टाक. पोरीने सगळं टाकलं. मग माझ्याकडे वळली. "आता अण्णा काय बोलतात ते सांग, जसंच्या तसं." मी म्हटलं, ते कशाला? म्हणाली, "सदरा कोणी बदलला असेल. उंची कोणी मोजत नाही. पण अण्णा जिथे असतील तिथे तेच बोलत असतील. आणि ज्याला आपली भाषा कळत नाही तो एक दिवस ते शब्द लिहून विचारेल, हा म्हातारा म्हणतो काय." मग तिने ते कमललाही विचारलं. आम्ही दोघींनी एकच सांगितलं. त्या दिवशी ती हसली नाही. तिने ते पानावर लिहिलं, मराठी अक्षरात, इंग्रजी अक्षरात, गुजरातीत. खाली माझा फोन नंबर.

तेव्हापासून सकाळी साडीवाल्याच्या आधी अण्णांच्या खिडक्या उघडायच्या. मी चहा घेऊन जायचे. "थोरला काय म्हणतो?" "काही नाही." "धाकला?" "काही नाही." कधी कोणी 'मिरची मार्केट भाव' विचारत आलेलं असायचं. कधी 'मिरची भजी'. कमल चिडायची, "आठे मानूस दवडेल शे नि याले भजी सुचतस." पोर म्हणायची, "येऊ दे भजीवाले. दार उघडं आहे हे तरी कळतं."

आता त्या दिवसाचं. पोरीने मोठ्याने हाक नाही मारली. "मोठी माय, बस इथे," म्हणाली. कमल आली, चहा पीत सलीमभाई आला. थोरल्याच्या खिडकीत पान एकाने उघडलं असं होतं. शब्दांच्या जागी काही नाही. धाकल्याच्या खिडकीत पान उघडलं नव्हतं, नुसतं दाखवलं होतं, पण शब्द होते. तिने हिंदी वाचून दाखवलं, "मिर्ची ढाका मतलब क्या, बूढ़ा आदमी बोलता है."

सलीमभाईने कप खाली ठेवला.

मी विचारलं, "कोणत्या गावाहून?"

"गाव सांगत नाही."

"काय सांगतो मग?"

"भारत."

"आणि कधी?"

"परवा. मोठी माय, हे नेहमी मागचंच असतं. आजचं परवा दिसेल."

"मग त्याने आपलं पान उघडलं का नाही?"

"आपलं पान खूप खाली होतं. वरची दोन-चार बघून माणूस सोडून देतो."

"आणि थोरल्याकडे उघडलं तो?"

"तो हाच असेल, नाहीतर भजीवाला असेल. फार थोड्या लोकांनी विचारलेले शब्द थोरला झाकून ठेवतो. विचारणाऱ्याची ओळख निघू नये म्हणून."

कमल रडायला लागली. सलीमभाई म्हणाला, "हिंदीमा लिखेल शे, म्हंजे सुरत नई. सुरतवाला गुजरातीमा लिखता." कमल रडता रडता म्हणाली, "आपला नवापूरना लोके बी हिंदीमा लिखतस." सलीमभाईने रिक्षाची चावी उचलली. "मी टेसनवर जाई येस." स्टेशनवर काय मिळणार होतं, पण बसून तरी काय करणार? आम्ही त्याला जाऊ दिलं.

पोलीस चौकीत ती आणि मी गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकलं, खुर्ची दिली. म्हणाले, बाई, गाव कळलं असतं तर मीच गाडी पाठवली असती. त्यांचंही खोटं नव्हतं. परत येताना घराजवळ आल्यावर पोर म्हणाली, "जिवंत आहेत, मोठी माय. बोलतात. कोणीतरी ऐकतं." मला तेवढ्यावर बरेच दिवस भूक लागली.

मग तिने पानाचं नावच बदललं. आधी 'हरवले आहेत' होतं, आता वर मोठ्या अक्षरात 'पानी ई ऱ्हायनं, मिरची ढाका' आणि खाली हिंदीत अर्थ. तेच शब्द परत कोणी विचारले तर आपलं पान वर यावं म्हणून. हळूहळू ते चढलं. एका सकाळी तिने मला ओढत नेलं. "बघ, थोरल्याने पहिल्या पानावर घेतलं अण्णांना, धाकल्यानेसुद्धा." कमल दारातूनच म्हणाली, "पहिला पानवर उनात, घर मातर नई उनात." कमलला बोलायचं भान नसतं. पण पोरीला राग नाही आला. ती म्हणाली, "कमलमाय, मला पण तेच म्हणायचं होतं." आणि खिडक्या परत उघडून बसली. ते शब्द परत कोणी विचारले नाहीत. विचारले असतील, थोरल्याने झाकले असतील.

तिला सिकलचा आजार होता, रक्तातले कण विळ्यासारखे वाकतात तो, डोंगरात बऱ्याच घरांत असतो. थंडी पडली की हाडं दुखायची. वाळू गरम करून मी पुरचुंडी बांधून द्यायचे, ती पायाखाली घेऊन काम करायची. आडवी पड म्हटलं तर म्हणायची, "रक्त वाकडं आहे माझं, मोठी माय. मी सरळ आहे." दोन डॉक्टर केले होते तिने. सवयीप्रमाणे. दोघांनी एकच सांगितलं होतं, जपून राहा.

नाताळला घरी निघाली. सलीमभाईने रिक्षात बॅग ठेवली. पोर पिवळी पडली होती. मी म्हटलं, बरं वाटलं की ये, घाई नको. तर म्हणाली, "फोन चार्ज ठेव. अनोळखी नंबर आला तरी उचल. खिडक्या मी तिकडून बघेन." बघितल्याही. सणाच्या दिवशी फोन आला, मागे गाणी चालू होती. "थोरला गप्प, धाकला गप्प. तुला नाताळच्या शुभेच्छा." मी म्हटलं, तुला पण.

जानेवारीत तिचा भाऊ आला. तो दारात उभा राहिला आणि मला कळलं. दुखणं छातीत चढलं, दवाखान्यात नेलं, नाही वाचली. मी त्याला जेवायला बसवलं. त्यानेही आधी डोळे मिटले. नंतर सोबत आणलेला तिचा कॉम्प्युटर उघडून बसला, म्हणाला आजी, तुमच्या कामाचं ती शेवटपर्यंत बोलत होती, मला बघू द्या. पण कॉम्प्युटर खुणेचा शब्द मागत होता, तो तिच्याजवळच राहिला. आईचं नाव घालून पाहिलं, गावाचं पाहिलं. मी म्हटलं मिरची घाल. नाही उघडलं. त्याने कॉम्प्युटर कापडात गुंडाळला आणि बसने गेला.

खोली आता रिकामी आहे. भाड्याला विचारतात, मी अजून नाही म्हणते. सलीमभाई सांगतो, पान आहे, त्याच्या फोनवर दिसतं. दार उघडं आहे, दारात उभं राहणारी नाही. कोण आलं, काय विचारत आलं, कोण बघून पुढे गेलं, आम्हाला कळायचा रस्ता नाही. सकाळी चहा मी अजून एक कप जास्त करते. कमल पिते तो.

मोजणारं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्ही जे कोण हे वाचता, त्यांना सांगते. तुमच्या स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर, आश्रमात एखादा म्हातारा उन्हात आभाळाकडे बघून मिरची ढाका म्हणत असेल, तर ते शब्द लिहून विचारू नका. जवळ जा आणि म्हणा, "ढाकी टाकी मिरची. बठा आते." ते बसतील. त्यांना दोन घास द्या. मग जवळच्या पोलीस चौकीत एवढंच सांगा, हा माणूस नंदुरबारचा आहे.