हार्परांच्या अंगणातल्या खुर्च्या

"खुर्च्या आपल्या होत्या बाबा, पण गार्डन त्यांचं होतं," नीना म्हणाली. ऑफिसचा कोट अजून तिच्या अंगावरच होता. "त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं का?"

"मयताच्या घरी कोणी बोलावतं का?" तिचे सासरे पुरुषोत्तम सोफ्यावर ताठ बसून होते.

"इथे बोलावतात."

शेजारचे जॉन हार्पर त्या सकाळी गेले होते. दुपारी काळी गाडी आली, त्यांना घेऊन गेली, आणि गल्ली पुन्हा जशीच्या तशी झाली. कोणी दार उघडून बाहेर आलं नाही. पुरुषोत्तम खिडकीशी उभे राहून वाट बघत होते. मग त्यांनी पांढरा शर्ट घातला, शेडमधल्या चार घडीच्या खुर्च्या काढल्या, त्या हार्परांच्या पुढच्या अंगणात गुलाबाच्या वाफ्याशेजारी मांडल्या, आणि चहाचा थर्मास पायाशी ठेवून एकीवर बसले. नीना गाडी पार्क करत होती तेव्हा ते तिला तिथे एकटेच बसलेले दिसले.

नीनाने त्यांना समजावून सांगितलं की इथे इंग्लंडमध्ये, वॉटफर्डसारख्या गावात, अशा वेळी सांत्वनाचं कार्ड टाकतात. फ्युनरलला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर माणसांना त्यांची प्रायव्हसी देतात. लग्नानंतर ती नागपूरहून इथे आली तेव्हा तिलाही हे विचित्र वाटलं होतं, पण शिकली ती.

"आजोबांच्या खुर्च्या बघून मला वाटलं पिकनिक आहे," तेरा वर्षांची अन्वी जिन्यावरून म्हणाली. हरीशने तिला वर जायची खूण केली आणि स्वतः लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. बायको आणि वडील यांच्यामध्ये पडायचं नाही हे त्याचं जुनं धोरण होतं.

मधुमती कोथिंबीर निवडत होत्या. "शर्ट कडक इस्त्रीचा होता," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "तो परवापासून का काढून ठेवला होता, तेही एकदा पोरांना सांगून टाका."

मग ते सांगणं भाग पडलं. मॉरिशसहून अंबरीशचा फोन आला होता. अंबरीश म्हणजे पुरुषोत्तमांच्या पक्षाचा तिथला सेक्रेटरी. निवडणूक जाहीर झाली होती, त्यांच्या जुन्या, तीन जागांच्या मतदारसंघातला पक्षाचा एक उमेदवार आजारी पडला होता, आणि ऐन वेळी लोकांना चेहरा माहीत असलेला माणूस हवा होता. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं.

हरीशने लॅपटॉप मिटला. हृदयात स्टेंट बसवून वर्ष झालं नव्हतं, याची त्याने आठवण करून दिली. पुरुषोत्तम म्हणाले, स्टेंट तिकडेही चालतो.

जायची इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हती. गाडीने दोन तासांत एका टोकाहून दुसरं टोक गाठावं एवढं ते बेट, आणि त्यातला पश्चिमेचा उसाच्या शेतांचा कोपरा त्यांचा. पणजोबा कोकणातून तिथे ऊस तोडायला गेलेले. पुरुषोत्तम प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. गावच्या कौन्सिलवर निवडून आले ते शाळेतल्या मुलांच्या आयांमुळे. पुढे पक्षाने तिकीट दिलं. पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा निवडून आले, पाच वर्षं पार्लमेंटमध्ये बसले, आणि त्यानंतर दोनदा पडले. मंत्री कधी झाले नाहीत. भाषण तर त्यांना धड जमायचंच नाही; तिथल्या क्रियोल बोलीत सुरू करायचे, मध्येच फ्रेंचमध्ये अडकायचे, आणि शेवटी पाण्याच्या पाइपवर येऊन थांबायचे. पाइप मात्र त्यांनी आणला. वरच्या वस्तीत नळाला पाणी आलं त्या दिवशी बायकांनी त्यांना भर रस्त्यात भिजवलं होतं.

त्यांचं राजकारण होतं ते मयताच्या घरी. मॉरिशसमध्ये रेडिओवर रोज गेलेल्यांची नावं वाचतात. मधुमती पोळ्या लाटता लाटता ती ऐकायच्या आणि कुठलं नाव कोणाच्या कोण लागतं ते नवऱ्याला सांगायच्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, कोणाचंही घर असो, अंगणात ताडपत्री बांधलेली असायची आणि पुरुषोत्तमांच्या गाडीत घडीच्या खुर्च्या. ते खुर्च्या उतरवायचे, काळी कॉफी घ्यायचे, आणि बसून राहायचे. मतांबद्दल तिथे चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. कॉफी संपली की उठणारे पुढारी वेगळे, आणि आपण वेगळे, असा त्यांना थोडा गर्वही होता. घरी उशिरा आल्यावर मधुमती त्यांना 'आले यमदूत' म्हणायच्या.

मुलाकडे वॉटफर्डला आल्यापासून दोन वर्षं ते खुर्च्यांशिवाय होते. या चार खुर्च्या हरीशने बार्बेक्यूसाठी घेतल्या होत्या.

नीनाने मिसेस हार्परसाठी एक सॉरीचं कार्ड आणायचं ठरवलं. त्याआधीच, शनिवारी सकाळी, मिसेस हार्परच दारात आल्या. नीनाने घाईघाईने माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवून तिला थांबवलं. खुर्च्या आणखी काही दिवस ठेवल्या तर चालतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मग खरं काय झालं ते कळलं. त्या संध्याकाळी, नीना यायच्या आधी, त्या पडद्याआडून बराच वेळ या माणसाकडे बघत होत्या. शेवटी बाहेर येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पुरुषोत्तमांनी त्यांना चहा ओतून दिला आणि काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने समोरच्या घरातला माणूस कुत्रा फिरवून येताना थबकला आणि तोही बसला. टपाल टाकणारी बाई ड्यूटी संपवून घरी निघाली होती, ती चौथ्या खुर्चीवर. जॉनला ती ओळखायची ते त्याच्या बागकामाच्या मासिकांमुळे. इतक्या वर्षांत समोरच्याचं आडनाव आपल्याला त्याच दिवशी कळलं, असं मिसेस हार्पर म्हणाल्या. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता, तो फ्युनरलच्या आदल्या दिवशी पोचणार होता. क्रिमेटोरियममध्ये पहिल्या रांगेत आपल्याबरोबर पुरुषोत्तम बसतील का, हे त्यांनी अगदी जाता जाता विचारलं.

त्या गेल्यावर नीना बराच वेळ डिशवॉशर लावत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला सांगायचं ना त्या पण येऊन बसल्या होत्या."

"तू विचारलंस बोलावलं होतं का. बोलावलं नव्हतंच."

मधुमती हसू दाबत आत गेल्या.

रविवारी जेवणं होत आली आणि अंबरीशचा फोन आला. पुरुषोत्तमांनी फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला. अंबरीश उत्साहात होता. पोस्टरसाठी जुना फोटो चालेल, गाडीची सोय आहे, वरची वस्ती अजून साहेबांचंच नाव घेते.

"वरच्या वस्तीत कोण कोण गेलं रे, मी आल्यापासून?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

अंबरीश गोंधळला. "बरेच गेले साहेब. तुमची ती सुमन मावशी गेली. बेकरीवाला फिलिप गेला. ते आता कशाला?"

सुमन मावशीच्या अंगणात त्यांची पहिली सभा झाली होती. लोक थोडे आले म्हणून मावशीने स्वतःची सगळी नातवंडं पुढे आणून बसवली होती. मधुमतींचा घास हातातच राहिला. इथे रेडिओवर ती नावं येत नाहीत.

"मावशीकडे कोण बसलं होतं?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

"सगळेच होते. आपला नवा पोरगा, वेद, तो तर पहाटेपर्यंत होता. यंदा तुमच्या बाजूच्या सीटवर उभा आहे तोच."

"मग ती तिसरी सीटही त्याच्यासारख्याच कोणाला तरी द्या," ते म्हणाले. अंबरीश बोलतच राहिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मावशीच्या थोरल्या लेकाचा नंबर मागून घेतला आणि फोन ठेवला.

अन्वीने आजोबांच्या ताटात हळूच पापड ठेवला. त्यांनी तो मोडला, निम्मा मधुमतींना दिला.

"मी उभा राहणार नाही," पुरुषोत्तम म्हणाले. "ज्यांच्या दारात बसलो नाही त्यांच्याकडे मत मागायला मी जात नाही. हरीश, फ्युनरलच्या दिवशी तू रजा टाक. आणि उद्या आणखी सहा खुर्च्या आणायच्या."