साइटच्या तळाचं नाव

संदीपचं आडनाव मी खोडलं.

निळ्या पेनानं. आणि खाडाखोडीशेजारी सही पण केली. तशी पद्धत असते.

आज त्याला जाऊन दोन वर्षं झाली. कावीळ अंगावर काढली येड्यानं. वय एकोणतीस.

आडनाव खोडल्याचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मी शिरूरचा, तो दौंडचा. कॉलेजात एका बेंचवर होतो. नंतर केडगाव स्टेशनजवळ एका झेरॉक्सवाल्याची मागची खोली घेतली आणि वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं. एक कॉम्प्युटर. फोन आला की नेट बंद.

डिझाइन आणि कोड त्याचं. मजकूर लिहिणं आणि क्लायंटशी गोड बोलणं माझं.

करार मात्र त्याचा हट्ट.

नेटवरून कुठलातरी इंग्लिश नमुना काढून त्यानं मराठीत आठ मुद्दे टाइप केले होते. फोटो क्लायंटनं पंधरा दिवसांत द्यायचे. बदल तीनदाच. असं सगळं.

लोक हसायचे. "मर्दा, वेबसाइट करतूय का सोयरीक?"

सातवा मुद्दा असा होता : साइटच्या तळाला डिझायनरचं पूर्ण नाव राहील. पुढे कंसात त्याचं नाव-आडनाव.

मी म्हणायचो, दोघांचं मिळून काहीतरी स्टायलिश नाव टाकू. तो ऐकायचा नाही.

त्याचे वडील दौंडला बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, शाळांचे. प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पेंटर नाना'.

"निसतं नाना," संदीप म्हणायचा. "आडनाव कवाच न्हाई लिव्हलं. लिव्हलं असतं तर पुढचा बोर्ड मिळाला नसता. मी लिव्हणार. संदीप कांबळे. आख्खं."

मग वरवंडचे आबा आले. मोठे बागायतदार. हायवेला त्यांचं मंगल कार्यालय. आमचं पहिलं मोठं काम.

कार्यालयातल्या ऑफिसात आबांनी चष्मा लावून, बोट फिरवत सगळा करार वाचला.

"तीनच बदल? माझी मंडळी तीस सांगंल."

मी हसलो. बोट सातव्यावर येऊन थांबलं.

"हे कांबळे म्हंजी ते फोटो काढतंय ते?"

"हो, आबा. संदीप. सगळं डिझाइन त्याचंच."

"गुणी हाय पोरगं. माझं काय न्हाई रं. पण लगीनघरची माणसं बघत्यात हे. निसतं संदीप ठेव की. आडनावावाचून काय अडलंय?"

खिडकीतून संदीप दिसत होता. खुर्चीवर चढून स्टेजचा फोटो काढत होता. एका हातानं झालर बाजूला धरलेली.

मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी विचार केला, हायवेचं कार्यालय आहे. यातून दहा कामं येतील.

आडनाव खोडलं. आबांनी सही केली. मी केली.

संदीप आत आला. कागद उचलला. वाचून खाली ठेवला. मग कॅमेरा वर करून म्हणाला, "आबा, हितं उजेड चांगला हाय. बसा, तुमचा पण फोटो काढतो."

परत येताना वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो.

चौफुला आल्यावर म्हणाला, "सही लय मोठी केलीस रं. आख्खा मुद्दा झाकला."

हसला पण. मीही हसलो.

आमचं भांडण म्हणजे एवढंच.

साइटवर त्यानं नुसतं 'संदीप' पण टाकलं नाही. "मग परत पेंटर नानाच की." तळ कोरा ठेवला.

आणि हो, त्या कार्यालयाच्या कामातून पुढे एकही काम आलं नाही. वर्षभरात खोली सोडली. तो रांजणगावला कंपनीत लागला, मी पुण्यात प्रुफं तपासायला.

गेल्या आठवड्यात आबांचा फोन. "नव्या लॉनचा फोटो टाकायचाय रं. संदीप असता तर..." मग थांबले. "लय सालस पोरगं."

साइटचा पासवर्ड आबांनी दिला.

आज सकाळी मी त्याचा कोड पहिल्यांदा उघडला. सगळ्यात खाली, स्क्रीनवर जिथं कोरं दिसतं तिथं, एक ओळ होती.

कोडमध्ये अशी ओळ लिहिता येते. मागे-पुढे खुणा टाकल्या की साइट बघणाऱ्याला ती दिसत नाही. कोड उघडला तरच दिसते.

'डिझाइन : संदीप कांबळे, दौंड.'

पाच वर्षं तिथंच होती. एवढ्या लग्नांचं बुकिंग झालं त्या साइटवरून. कुणाला दिसली नाही. मला पण नाही.

मी त्या खुणा खोडल्या.

यावेळी फक्त तेवढंच खोडलं.

मग आबांना फोन लावला. "आबा, लॉनचा फोटो टाकला. आणि खाली संदीपचं पूर्ण नाव टाकलंय. आपला करार मोडलाय मी."

पलीकडं कुणीतरी खुर्च्या मोजत होतं. आबांनी त्याला थांबायला सांगितलं.

"राहू दे आठ दिस," म्हणाले. "मग बघू."

आठ दिवस.

आठ दिवसांनी फोन येईल. मी उचलणार आहे. तेव्हा बोललो नाही ते वाक्य बोलणार आहे. ऐकतील का, माहीत नाही. दमलोय, पण बोलणार आहे.

माफी मागायला उशीर झाला, दोस्ता. नाव दिसतंय, एवढंच सांगायचं होतं.

जय भीम, संदीप कांबळे.