आईचं लग्न कुणाच्या अधिकारात?

बन्वा वेरलिंडनला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो म्हणायचा, "मी दारात उभा असतो." खोटं नव्हतं ते. ब्रसेल्समधल्या युरोपच्या त्या काचेच्या कचेरीत एक कंपनी दुसरीला गिळायला निघाली की कागद येऊन पडतात. गिळू द्यायचं की नाही हे ठरवणारी हुशार मंडळी वरच्या मजल्यावर. बन्वाचं काम त्याच्याही आधीचं: हे प्रकरण मुळात आपलं आहे का?

दोघींची मिळून जगभरची उलाढाल पाचशे कोटी युरोंच्या वर हवी, शिवाय युरोपात प्रत्येकीची पंचवीस कोटींच्या वर. तेवढं भरलं म्हणून हुरळून जायचं नाही. दोघींचाही युरोपातला दोन-तृतीयांशाहून जास्त धंदा एकाच देशात असेल तर ते त्या देशाचं घरगुती प्रकरण, द्या पाठवून. आणि सगळ्यात आधी बघायचं की ताबा खरंच एका हातातून दुसऱ्या हातात जातोय का. कागदावर नाव कुणाचं आहे याला बन्वाच्या लेखी काडीची किंमत नव्हती. शेवटचा शब्द कुणाचा चालतो, कोण कुणाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, ते हुडकून काढायचं. एवढं सगळं हुडकून झालं की बहुतेक वेळा उत्तर यायचं, "आमचं नाही." कचेरीत त्याचं टोपणनावच ते पडलं होतं. त्याला राग यायचा नाही. "मी युरोपला मोठ्या संकटातून वाचवलंय," तो म्हणायचा, "जास्तीच्या कामातून."

त्याची आई जोर्जेत. वय ऐंशी, आवाज तिशीचा. चर्चच्या चौकात तिची फ्रीतची, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या कापांची, टपरी, पाटीवर अजून नवऱ्याचं नाव: एमील. एमील जाऊन बरीच वर्षं झाली, पण बटाटा दोनदाच तळायचा आणि गाईच्या चरबीतच तळायचा, हा त्याचा नेम तिनं मोडला नव्हता. चौकाच्या दुसऱ्या टोकाला ओदिलोंची टपरी. ती मोठी, काचा लावलेली, बसायला चार स्टुलं. या दोन टपऱ्यांचं पिढीजात वैर. आम्ही चौकातली माणसं एकतर एमीलवाले, नाहीतर ओदिलोंवाले. मधली जात नाही. एमीलवाल्याच्या हातात ओदिलोंचा पुडा दिसला तर त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

एका शनिवारी बन्वा रांगेत उभा होता. नंबर आला तसं जोर्जेतनं झारा आपटत विचारलं, "लहान की मोठा?"

"लहान. आणि मेयोनेज वेगळं दे."

"बरं. मी लग्न करतेय."

"काय?"

"लग्न. मीठ घालू?"

"कुणाशी?"

"ओदिलोंशी."

"कोण ओदिलों?"

"चौकात किती ओदिलों आहेत रे? हो बाजूला, मागचे खोळंबलेत."

बन्वा बाजूला झाला. फ्रीत गार झाली, त्यानं ती कबुतरांना घातली. घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं प्रकरण शिस्तीत मांडून झालं होतं, कारण दुसरं काही त्याच्या डोक्याला येतच नव्हतं. हे लग्न नाहीच, हे एकत्रीकरण आहे. मोठी टपरी लहान टपरीला गिळणार. आज लग्न, उद्या पाटी खाली, परवा चौकातल्या तळलेल्या बटाट्याचा शंभर टक्के बाजार एका पलंगावर! आता खरं म्हणजे त्याला बाजाराचं काही पडलेलं नव्हतं. बापाच्या जागी ओदिलोंला बघवत नव्हतं, बस्स. पण 'बघवत नाही' हे कारण कुठल्याच कायद्यात बसत नाही, म्हणून त्यानं बाजार पुढे केला. स्वतःला फसवायला शिकलेला माणूस लागतो.

मग प्रश्न आला नेहमीचा: हे तपासायचा अधिकार कुणाचा? युरोपचा म्हणावा तर उलाढाल थोडी कमी पडत होती, म्हणजे पाचशे कोटींना फक्त चारशे नव्व्याण्णव कोटी आणि काही लाख कमी. देशाच्या कचेरीचंही तेच. पण चौक पालिकेचा! टपरीचा परवाना पालिकेचा! आणि पालिकेच्या नियमात एक कलम होतं, एका घराला एकच टपरी. बन्वाला इतका आनंद झाला की त्यानं चक्क अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पालिकेच्या खिडकीत नजात बूझिदी बसायची. हसरी बाई, चौकातच वाढलेली.

"एका एकत्रीकरणाची माहिती द्यायला आलोय," बन्वा म्हणाला.

"पार्किंगचं पलीकडच्या खिडकीत."

"पार्किंग नाही. लग्न आहे."

"अरे वा, अभिनंदन! लग्नाचं पहिल्या मजल्यावर."

"माझं नाही हो. आईचं."

"आईचं? किती वर्षांच्या आई?"

"ऐंशी."

"माशाल्ला! मग तोंड असं का पाडलंय?"

बन्वानं समजावायला सुरुवात केली. नियम काय, घर म्हणजे काय, ताबा म्हणजे काय. नावं वेगळी असली तरी फसायचं नाही, नवरा-बायको, आई-मुलगा, ही सगळी एकच मूठ धरायची. कागद नाही बघायचा, मादाम, जगणं बघायचं! कोण कुणाला विचारतो, कुणाच्या शब्दावर काय हलतं! नजातनं ते कलम जन्मात वाचलं नव्हतं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिली, आणि इतकं मन लावून त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर.

"म्हणजे लग्न झालं की दोन्ही टपऱ्या एका घराच्या?"

"अर्थात!"

"आणि एका घराला एकच टपरी."

"अगदी बरोबर बोललात!"

"मग एक बंद करायला लागणार की."

"नक्कीच ला..." बन्वा थांबला.

"लहानवाली," नजात म्हणाली. "एमीलची."

"नाही, नाही, एक मिनिट. मला म्हणायचं होतं, ते लग्नच थांबवता येईल का?"

"लग्नावर आमचा कुठे अधिकार, साहेब? टपरीवर आहे."

"मग जाऊ दे. मी आलोच नव्हतो असं समजा."

"तुम्हीच एवढं पटवलंत हो. आता पटलेलं परत कसं करू?"

जन्मभर जगाला 'आमचं नाही' सांगणाऱ्या माणसानं एकदाच एका कचेरीला 'हे तुमचंच आहे' असं पटवलं होतं, आणि पहिल्या झटक्यात पटवलं होतं. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासी कोण, तर स्वतःचा बाप.

पालिकेचा निरोप टपरीवर पोचला तेव्हा बन्वा तिथेच होता. पळून जायची हिंमत नव्हती म्हणून आला होता. जोर्जेतनं वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं.

"तू जाऊन सांगितलंस?"

"आई, माझा हेतू..."

"अरे मेल्या! आख्ख्या आयुष्यात एकदाच 'आमचं' म्हणालास, तेही माझ्या टपरीवरून, आणि तेही दुसऱ्याच्या कचेरीत जाऊन!"

ओदिलों शेजारी उभा होता, हातात टोपी घेऊन. सत्त्याहत्तर वर्षांचा आडवातिडवा माणूस, पण बोलणं मऊ. "माझी बंद करतो, जोर्जेत. माझे गुडघे गेलेच आहेत."

"गप्प बस. तुझी चाळीस गिऱ्हाईकं दुपारी जेवणार कुठे मग? चर्चमध्ये?"

"पण लग्न कशाला करायचं?" बन्वा बोलून गेला. "ऐंशीव्या वर्षी? राहा ना तसेच."

जोर्जेतनं झारा खाली ठेवला. "हिवाळ्यात याचं हृदय बिघडलं तेव्हा मला दवाखान्याच्या दारातनं परत पाठवलं. 'तुम्ही यांच्या कोण?' म्हणाली ती पोरगी. काय सांगू? समोरची टपरीवाली? पुढच्या वेळी मला आत जायचंय, बन्वा. टपरी गेली तर जाऊ दे."

जाऊ दे म्हणाली, पण म्हणताना तिचा हात तळणीच्या झाकणावर होता आणि तो तिथनं निघेना. बन्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस वाईट नव्हता हो, फक्त शहाणा होता.

त्याच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तो म्हणाला, "मी घेतो टपरी. माझ्या नावावर, आणि नुसती नावावर नाही, मी चालवतो. तू ओदिलोंच्या टपरीत जा."

"तू? तुला बटाटा सोलता येतो?"

"शिकेन."

"युरोप चालवलास ना, तसं चालवायचं नाही हं. इथं 'आमचं नाही' म्हटलं की गिऱ्हाईक जातं."

बन्वा परत खिडकीत. नजातनं ऐकून घेतलं आणि अवघडून म्हणाली, "पण साहेब, तुम्ही मुलगा ना त्यांचे? तुम्हीच म्हणालात, आई-मुलगा एकच मूठ. कागदावरचं नाव बघायचं नाही."

"बरोबर," बन्वा म्हणाला. स्वतःचंच वाक्य अंगावर आलं तर माणूस करणार काय? "पण उलट सिद्ध करता येतं. आईचा माझ्यावर ताबा नाही आणि माझा आईवर नाही, हे दाखवलं की झालं."

"मग दोघं या. विचारते मी. जगण्यातलंच विचारीन, तुम्ही शिकवलंत तसं."

बन्वाला भलताच हुरूप आला. हा त्याचा प्रांत! मोठमोठ्या कंपन्यांचे वकील हेच सिद्ध करताना घाम पुसायचे, आणि तो समोर बसून त्यांच्या म्हणण्यातल्या फटी शोधायचा. आईला जिन्यातच बजावलं, "तू काही रचून सांगू नकोस. खरं तेच सांग. बाकी मी बघतो."

"खरं सांगू?"

"अगदी खरं."

"बघ हं."

नजातनं दोघांना खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मादाम, मुलाच्या घरात तुमच्या शब्दावर काही ठरतं का?"

"त्याच्या घरात? एकदा गेलेय मी. नवीन घेतलं तेव्हा. दुसरा मजला ना रे? की तिसरा?"

"तिसरा," बन्वा म्हणाला, आणि मनात म्हणाला, छान, उत्तम सुरुवात.

"तुम्ही काही ठरवताना त्यांना विचारता?"

"फोन करते. तो म्हणतो मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. मग मी ठरवून टाकते."

"मोठं काही असलं तर? आजारपण वगैरे?"

"माझा खुबा बदलला ना, तेव्हा केला होता फोन. तेव्हाही मीटिंग होती. ओदिलोंनं नेलं, त्यानंच आणलं. याला सांगायचं राहिलंच मग. तो आला तेव्हा मी चालायला लागले होते."

बन्वा वहीत टिपून घेत होता. एकमेकांच्या निर्णयात हात नाही. सल्लामसलत नाही. एखाद्या वकिलानं असा साक्षीदार आणला असता तर बन्वानं त्याला मनातल्या मनात सलाम केला असता.

"आणि ते त्यांचं काही ठरवताना तुम्हाला विचारतात?"

"कशाला विचारेल? साठी आली त्याची." जोर्जेतनं पाण्याचा घोट घेतला. "त्याचा घटस्फोट झाला ते मला बेकरीवालीनं सांगितलं. पाव घ्यायला गेले होते. मी म्हटलं, हो हो, माहितेय मला. तिला कशाला कळू द्यायचं."

बन्वाची पेन्सिल थांबली.

"आणि हे लग्नाचं, ते कधी सांगितलंत?" नजातचा आवाज आता खाली आला होता.

"तो टपरीवर आला तेव्हा. दातांचा डॉक्टर आमच्या चौकात आहे ना, त्याच्याकडे आला की येतो तो. मी वाटच बघत होते, त्याचा दात कधी दुखतो त्याची." ती हसली. "ओदिलोंचं आणि माझं चार वर्षं चाललंय. चौकातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. याला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं मला. घाईत असतो ना बिचारा."

"पुरे, मादाम," नजात म्हणाली. पुढचे प्रश्न तिनं विचारलेच नाहीत. बन्वाकडे न बघता तिनं शिक्का मारला आणि वाचून दाखवलं: दोघांमध्ये परस्परांवर प्रभाव असलेला कुठलाही संबंध आढळत नाही. टपरी श्री. वेरलिंडन यांना त्रयस्थ म्हणून देण्यास हरकत नाही.

जिंकला की हो! बापाची पाटी वाचली, आईचं लग्न वाचलं, दोन्ही टपऱ्या वाचल्या. इतकं चोख प्रकरण बन्वाच्या हातून कधी झालं नव्हतं. बाहेर जिन्याशी ओदिलों जोर्जेतचा कोट घेऊन उभा होता. त्यानं तो तिच्या खांद्यावर घातला आणि विचारलं, "झालं?"

"झालं. पोरानं केलं."

बन्वानं हसायचा प्रयत्न केला. "काय बोललीस आई! पण थोडं वाढवून सांगितलंस ना? म्हणजे, काम व्हावं म्हणून?"

जोर्जेत गळ्याशी रुमाल बांधत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "नाही रे बाळा. वाढवायची गरजच पडली नाही."