भिंगापुढचा हात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे टाळणंही सोपं गेलं.

तामसीकडच्या गावांत आम्ही दोघं तंबूतला फिरता सिनेमा चालवायचो. मी मशीनवर, तो तिकिटाला. लोक आम्हाला दोस्त समजत. आम्ही त्याहून जास्त होतो. दुपारी रिकाम्या तंबूत तो माझ्या डोक्याला तेल चोळायचा आणि संध्याकाळच्या खेळातल्या नायिकेची नक्कल करायचा. हसता हसता मी खाटेवरून खाली यायचो.

एकदा अमरावतीच्या फिल्म डेपोतून रिळांच्या पेट्या घेऊन तो आला तो नाचतच.

"कोणी नेत नव्हतं हा सिनेमा. मी डेपोत पायला. दोन माणसं हायेत बे, एका घरात राह्यतात. एक दुसऱ्याच्या डोक्याले तेल लावते. आपणच हाओत! मले हे गावासंग बसून पायचं हाय."

त्या संध्याकाळी तिकिटाची खिडकी लवकर लावून तो पहिल्यांदाच लोकांत, पुढे जमिनीवर जाऊन बसला.

चुंबन आलं की मशीनच्या भिंगापुढे हात धरायचा, ही आमच्या धंद्याची रीत. लोक शिट्ट्या मारायचे, तीही मजाच असायची. या सिनेमात चुंबन नव्हतंच. पण पडद्यावर तेलाची वाटी आली आणि मला वाटलं, आता सगळा तंबू वळून माझ्याकडे बघणार. माझा हात भिंगापुढे गेला.

अंधारातून एक म्हातारी ओरडली, "काऊन झाकलं रे पोरा? तेलच तं लावून राह्यला!"

तंबू खदखदून हसला. मागे वळून कोणीच पाहिलं नाही. दृश्य संपेपर्यंत मी हात काढला नाही.

तंबू आवरताना तो एवढंच म्हणाला, "तुहा हात लय मोठा हाय बे." दुसऱ्या दुपारी वाटी घेऊन हजर. पुढची सगळी वर्षंही आम्ही हसतच काढली. त्या हाताबद्दल बोलायला मी कितीदा तोंड उघडलं, पण तो कुणाची तरी नक्कल करायचा आणि मी हसत सुटायचो. तो सिनेमा मात्र आमच्याकडे पुन्हा आला नाही.

तो गेल्यावर, परवा मला तोच सिनेमा मोबाईलवर सापडला. वाटी दिसली तसा माझा हात आपोआप उठला. मी तो खाली ठेवला. तेल चोळता चोळता तो माणूस दुसऱ्याच्या नाकालाही बोट लावतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी मोठ्याने हसलो आणि सवयीने बाजूला पाहिलं.

माफ कर बे. तुले पाहू द्याले पायजे होतं.