माहिती गोळा करण्यात येत आहे

मोठीच्या हाताखालून गेलेलं उत्तर मंत्र्यांना कधी अडचणीत आणत नाही, अशी पाणी खात्यात तिची ख्याती होती. सभागृहातले आमदार लेखी प्रश्न पाठवायचे. अमुक ठिकाणी अमुक झालं, हे खरं आहे काय, असल्यास त्याची कारणं काय, असल्यास कोणावर काय कारवाई केली. छापील उत्तराखाली नाव मंत्र्यांचं असायचं, पण ते पहिल्यांदा कागदावर उतरायचं ते दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मोठीच्या टेबलावर. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली तिने मागच्या कुठल्यातरी अधिवेशनातल्या उत्तरांची घडी सरकवली होती. "एवढा तरी उपयोग झाला त्यांचा," असं ती स्वतःच म्हणायची.

खात्यात नव्याने येणाऱ्यांना ती एकच गोष्ट शिकवायची. उत्तर शोधत बसू नका, आधी प्रश्नातली चूक शोधा. प्रश्न म्हणजे आगगाडी. पहिला भाग इंजिन, बाकीचे त्याला जोडलेले डबे. विचारणाऱ्याने जागा चुकवली, वार चुकवला, की पहिल्या भागापुढे लिहायचं, 'हे खरे नाही'. इंजिन काढून घेतलं की डबे जागच्या जागी उभे राहतात. त्यांच्यापुढे लिहायचं, 'प्रश्न उद्भवत नाही'. यात खोटं काहीच नसतं. खोटं लिहिणाऱ्यांचा तिला मनापासून राग होता.

घरी तिच्या या भाषेची टिंगल करण्याचा हक्क एकट्या धाकट्या दिराला होता. तो जेवायला बसला की घास तोंडात ठेवून गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "वहिनी, भाजीत मीठ जास्त झालं आहे, हे खरं आहे काय?"

"अंशतः खरं आहे."

"असल्यास, काय कारवाई केली?"

"करतेय ना," म्हणत ती त्याच्या पुढ्यातली वाटी उचलायची, आणि सासूबाई दोघांनाही दटावायच्या की अन्नावर बसून कचेरी करू नका.

हा दीर म्हणजे तिचं पहिलं मूल, आणि पुढे शेवटचंही. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. बुटाची नाडी बांधायला त्याला इतका वेळ लागायचा की शाळेची घंटा घरापर्यंत ऐकू यायची आणि हा अजून दुसऱ्या बुटावर. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'सावकाश' पाडलं. ते इतकं चिकटलं की पुढे दूधवालाही 'सावकाश आहेत का घरात' असं विचारायचा. जिना उतरताना तो कठडा धरायचा. काडी विझवली की पाण्यात बुडवूनच टाकायचा. लग्नाला मुलगी पाहायला गेला तेव्हा होकार द्यायला त्याने इतके दिवस लावले की मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं. ती मुलगी म्हणजेच धाकटी. ती आल्यावर दोघी जावा मोठी आणि धाकटी झाल्या. मोठीचा नवरा, घरातला थोरला, मितभाषी, बस आगारात पाळीने जाणारा. घरातलं बोलणं-चालणं या दोघींचं आणि सावकाशचं.

त्याला पाणी खात्याच्या पंपघरात चिकटवलं तेही मोठीनेच. जाहिरात तिने आणली, अर्ज तिने भरला. काम व्हॉल्व्ह उघडण्याचं आणि बंद करण्याचं. "तुझ्याइतकं हळू व्हॉल्व्ह कोणी फिरवणार नाही, नळ फुटायची भीती नाही," असं म्हणून तिने त्याला पाठवलं होतं.

पंपघरात जमिनीखाली एक खोल खड्डा होता. मुख्य व्हॉल्व्ह त्यात, आणि तिथली कोंदट हवा बाहेर ओढायला वर एक मोठा पंखा. तो पंखा बंद पडला आहे, असं सावकाश जेवताना दोन-तीनदा म्हणाला होता. वर कळवलंय, म्हणाला होता. एका मंगळवारी वरून निरोप आला की अर्ध्या शहराचं पाणी थांबलंय, व्हॉल्व्ह ताबडतोब उघडा. तो उतरला आणि वर आला नाही. दोघांनी दोर लावून त्याला काढलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. गुरुवारी पहाटे इस्पितळात तो गेला.

खात्याची चौकशी झाली. अहवालात एकच ओळ घरच्यांच्या वाट्याला आली, की कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, हवेची खात्री न करता खड्ड्यात उतरला. पंख्याचा उल्लेख नव्हता. थोरल्याने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा सासूबाईंनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ज्याला अख्खी गल्ली सावकाश म्हणते, तो घाई करून मेला म्हणतात?" त्यानंतर त्यांनी रडणं थांबवलं आणि हेच एक वाक्य धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तेच विचारायच्या. त्यांना बाकी काही नको होतं. ती ओळ तेवढी पुसून हवी होती.

धाकटीने मनावर घेतलं. ती कोणाला न सांगता त्या भागातल्या आमदारबाईंच्या कचेरीत गेली. मोठी त्याच खात्यात, तिच्या नोकरीला धक्का नको म्हणून तिने तिलाच आधी वगळलं. कचेरीतल्या माणसाने विचारलं, कधी वारले? धाकटी म्हणाली, गुरुवारी. घरात सगळे गुरुवारच म्हणायचे. मंगळवारी तो अजून होता. इस्पितळाच्या बाकावर बसून त्या तिघींनी आशा केली होती. त्यामुळे मंगळवार त्यांच्या लेखी मरणाचा वार नव्हताच. त्या माणसाने लिहून घेतलं. गुरुवारी पंपघराच्या खड्ड्यात गुदमरून एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, तेथील पंखा अनेक दिवस बंद होता, हे खरे आहे काय? असल्यास, कोणावर काय कारवाई केली?

हा प्रश्न फिरत फिरत मोठीच्या टेबलावर आला. सकाळची वेळ, समोर प्रश्नांचा गठ्ठा. तिने नेहमीसारखी पेन्सिल उचलली आणि 'गुरुवारी' या शब्दाभोवती गोल केला. 'खड्ड्यात' या शब्दाभोवती दुसरा. अधिवेशनाच्या दिवसांत हात असाच चालतो, डोकं मागून येतं. दोन्ही गोल पुरे झाल्यावर तिला कळलं की हा खड्डा कोणता.

तिने खोडरबर घेऊन ते गोल पुसले. पुसल्यावर कागद तिथे जरा खरवडल्यासारखा दिसायला लागला.

घरी ती काही बोलली नाही. प्रश्न आला हे बाहेर सांगायचं नसतं, आणि असली गोष्ट तिने आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती पंपघराची नोंद मागवून बसली आणि तिने लिहिलं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब उत्तर होतं. घटना गुरुवारी नव्हे, मंगळवारी घडली. मृत्यू खड्ड्यात नव्हे, इस्पितळात झाला. पंखा बंद होता, हे खरे आहे. तो दुरुस्त करावा असे कर्मचाऱ्याने वर कळवले होते, हेही खरे आहे.

साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब या खात्यात नवे आले होते तेव्हा आगगाडीचा धडा तिच्याकडूनच शिकले होते.

"बाई, हे काय लिहिलंय? विचारलंय गुरुवारचं. गुरुवारी आपल्या खड्ड्यात कोणी मेलं का?"

"नाही."

"मग? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला."

"साहेब, तो माझा दीर होता."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. हळू आवाजात म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं, नात्यातल्या माणसाने अशा कागदावर लिहायचं नसतं. तो नियम तिलाही पाठ होता. मग तिचा कागद बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला. चहा येईपर्यंत उत्तर लिहून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मोठीला आवक-जावकच्या खोलीत बसवण्यात आलं. येणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारायचे. साहेबांनी कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिच्याच भाषेत सांगायचं तर प्रश्न उद्भवत नव्हता.

छापील उत्तर आमदारबाईंच्या माणसाने एका रविवारी दुपारी घरी आणून दिलं. धाकटीने ते स्वयंपाकघरात ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं. मोठी भांडी विसळत होती. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

"ताई, ही भाषा तुमची आहे," धाकटी म्हणाली.

"भाषा माझीच आहे. लिहिलं दुसऱ्याने."

"म्हणजे हा प्रश्न तुमच्यासमोर आला होता. मग मला का नाही सांगितलंत?"

"तू जाण्याआधी मला का नाही विचारलंस?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून."

मोठीने नळ बंद केला. "एकदा विचारलं असतंस," ती म्हणाली, "तर मंगळवार लिही, इस्पितळ लिही म्हटलं असतं. एवढंच तर होतं."

धाकटी जिथे उभी होती तिथेच खाली बसली. गुरुवार सांगून पळवाट आपणच दिली, हे तिला आत्ता कळत होतं. मोठी हात पुसून तिच्याशेजारी फरशीवर बसली. दोघींना एकमेकींचा राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं, भांड्यांचा आवाज का थांबला?

काही दिवसांनी मोठीनेच विषय काढला. कागद धाकटीचा, अक्षर धाकटीचं, सांगणारी मोठी. इतकी वर्षं ज्या फटींतून तिने मंत्र्यांना बाहेर काढलं होतं, त्या ती एकेक बुजवत गेली. वार, जागा, पंपघर कोणतं, खड्डा कोणता, इस्पितळात कधी नेलं. एकही भाग दुसऱ्याला जोडू दिला नाही. "प्रत्येक डब्याला त्याचं स्वतःचं इंजिन," ती म्हणाली. शेवटचा भाग तिने दोनदा बदलून घेतला. सदर कर्मचारी निष्काळजी होता, असे म्हणण्यास खात्याकडे कोणता पुरावा आहे?

धाकटीने तो वाचून पाहिला. "आता पळवाट नाही ना?"

"एक असतेच. ती बाहेरून बुजवता येत नाही."

कोणती, ते तिने सांगितलं नाही. आमदारबाईंनी प्रश्न लावून धरला आणि उत्तर आलं. सगळ्या भागांना मिळून एकच ओळ होती. माहिती गोळा करण्यात येत आहे.

मोठीने कागद घडी करून ठेवला. तिने हे वाक्य आयुष्यात किती वेळा लिहिलं होतं याचा तिला हिशेब नव्हता. पण सासूबाईंना ते थोरल्याने वाचून दाखवलं आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला.

"म्हणजे येणार म्हण की," त्या म्हणाल्या. "घरी आल्याशिवाय कशी गोळा करतील माहिती?"

त्यांची कोणी समजूत घातली नाही. घालायला हवी होती, पण आधी कोणी घालायची यातच ते राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई दुपारचं जेवण झालं की दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या. सावकाशचे बूट त्यांनी धाकटीकडून पुसून घेतले आणि दारामागे ठेवले, आलेल्यांना दाखवायला. नाड्या पाहा म्हणावं, दुहेरी गाठ मारायचा. पोस्टमन आला, वीजमापक वाचणारा आला, त्या प्रत्येकाला विचारायच्या, पाणी खात्याचे का तुम्ही? नाही म्हटलं की पदर सारखा करून पुन्हा बसायच्या. मोठी कामावरून परतली की पहिला प्रश्न तोच, "निघालेत का गं ते?" आणि मोठी म्हणायची, "निघतील, आई." ज्या बाईने कधी खोटं लिहिलं नव्हतं तिला हे रोज बोलावं लागायचं.

पुढे निवडणूक लागली. सभागृहाची मुदत संपली की त्यात अर्धवट राहिलेले प्रश्नही तिथेच मिटतात. आमदारबाई हरल्या. नवा माणूस कोण, त्याला हे सगळं पहिल्यापासून कोण सांगणार, असं धाकटी म्हणाली आणि शिवणाच्या कामाला लागली. मोठी आवक-जावकच्या खोलीतूनच निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, बाईंनी खात्याला कधी खाली पाहायला लावलं नाही. टाळ्या झाल्या.

सासूबाई तोवर पार थकल्या होत्या. दारापर्यंत जाणं होत नव्हतं, म्हणून पलंगच बाहेरच्या खोलीत आणला, दार दिसेल असा. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, दुपारी, त्यांनी सवयीने विचारलं, "निघालेत का गं?"

मोठी उठली. आतून एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली आणि सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"सांगा, आई. माहिती गोळा करायला आलेय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. पुन्हा तिच्याकडे, आणि मोठीला वाटलं की त्यांना सगळं कळलंय, आजच नाही, केव्हाचंच.

"तूच का?" त्या म्हणाल्या.

"मीच. दुसरं कोणी नाही, आई."

सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला. मोठीने त्यांच्या पाठीशी उशी लावली. आतल्या खोलीत शिवणयंत्राचा आवाज थांबला आणि धाकटी दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा.

"लिही," त्या म्हणाल्या. "न्हाणीघरात शिरताना फरशी ओली आहे का, ते तो आधी अंगठा टेकवून बघायचा. अगदी एवढासा होता तेव्हापासून. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पंखा बंद होता हेही लिही, मला सांगितलं होतं त्याने. पण आधी अंगठ्याचं लिही. लिहिलंस?"

"लिहिलं, आई."

"मग पुढचं सांगते."